क्षयजंतूला त्याच्याच यंत्रणेत मोडा

प्रति,
सचिव, जैवतंत्रज्ञान विभाग, नवी दिल्ली
महासंचालक, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, नवी दिल्ली
आणि मुंबई, पुणे, अहमदाबाद, हैदराबाद इथल्या औषधकंपन्यांची संचालक मंडळं




क्षयाचं निदान झालं की आपला रुग्ण पहिले दोन महिने रोज ज्या एकत्रित गोळ्या गिळतो, त्यांत पायराझिनामाइड असतं. हे औषध १९५२ साली क्षयावर वापरात आलं, यकृताला त्रास देतं म्हणून मागे पडलं आणि सत्तरच्या दशकात कमी मात्रेत परत आलं. ते परत आल्यामुळेच नऊ महिन्यांचा उपचार सहा महिन्यांवर आला. पण हा एवढासा रेणू क्षयजंतूला नेमका मारतो कसा, यावर अनेक दशकं एकमत होत नव्हतं. २०२० साली टॉमस डिक आणि त्यांच्या सिंगापूर-अमेरिकेतल्या सहकाऱ्यांनी एक उत्तर पुढे ठेवलं. जंतू स्वतःच या औषधाचं पायराझिनोइक आम्ल करतो. ते आम्ल जंतूतल्या पॅन-डी नावाच्या प्रथिनाला चिकटतं. चिकटलं की त्या प्रथिनाची ठेवण बदलते आणि जंतूची स्वतःची, निकामी प्रथिनं मोडणारी यंत्रणा त्याला पकडून त्याचे तुकडे करते. पॅन-डी नाही म्हणजे कोएन्झाइम-ए बनवायचा मार्ग बंद, आणि कोएन्झाइम-ए नाही तर जंतूचं काहीच चालत नाही.

नको असलेलं प्रथिन पेशीच्याच यंत्रणेकडून मोडून घ्यायचं, या कल्पनेवर आज बोस्टनपासून शांघायपर्यंत कंपन्या उभ्या राहिल्या आहेत. त्याच जातीचं औषध आपल्याकडचा क्षयरुग्ण त्याच्या आजोबांच्या पिढीपासून घेतो आहे. ते कुणी ठरवून बनवलेलं नव्हतं, नशिबाने हाती लागलं. असं औषध क्षयासाठी ठरवून बनवायचं काम आपल्या देशात सुरू करा, एवढं सांगायला हे पत्र लिहितो आहे.

मी औषधकंपनीच्या संशोधन विभागात रसायनशास्त्रज्ञ म्हणून आयुष्य काढलं. दुसऱ्याने शोधलेला रेणू कमी खर्चात, कमी पायऱ्यांत, जास्त शुद्ध कसा बनवायचा, हे आमचं काम. त्या कामाची मला लाज वाटत नाही. आफ्रिकेतल्या एचआयव्हीच्या रुग्णाला परवडणारी गोळी मिळाली ती याच कामामुळे. तरीही प्रथिनं मोडणाऱ्या औषधांचा जो नवा वर्ग तयार होतो आहे त्यात भारताने पुन्हा शेवटच्या पायरीवर उभं राहून पेटंट संपायची वाट पाहावी, हे मला पटत नाही. क्षयाच्या बाबतीत तर अजिबात नाही, कारण तिथे वाट पाहण्यासारखं पुढे कुणी चाललेलंच नाही. फार थोडे लोक आहेत, आणि त्यांच्या देशात क्षय जवळजवळ नाही.

हे पत्र फाइलवर जाईल आणि फाइल पाहणारे सगळेच जीवशास्त्र शिकलेले असतील असं नाही, म्हणून यंत्रणेबद्दल थोडं सांगतो. आपल्या पेशीत प्रथिनं सतत बनतात आणि सतत मोडली जातात. मोडायचं प्रथिन ओळखण्यासाठी पेशी त्यावर युबिक्विटिन नावाचं ७६ अमिनो आम्लांचं छोटं प्रथिन चिकटवते, एकामागे एक, साखळीसारखं. ही साखळी दिसली की प्रोटीएसोम नावाचं पिंपाच्या आकाराचं यंत्र त्या प्रथिनाला आत ओढून त्याचे तुकडे करतं. कोणत्या प्रथिनावर खूण करायची हे ठरवणारी विकरं, ज्यांना ई-३ लायगेज म्हणतात, माणसात सहाशेहून अधिक आहेत. मुंबईत पालिकेचा अधिकारी इमारतीवर 'धोकादायक' अशी नोटीस लावतो आणि मग पाडणारं पथक येतं. पथक इमारतीची चौकशी करत नाही, फक्त नोटीस पाहतं. नवी औषधं त्या अधिकाऱ्याचा हात धरून त्याला आपल्याला हव्या त्या दारापाशी नेतात. (पालिकेत हे किती सहज होतं, यावर मी बोलत नाही.)

रासायनिक भाषेत सांगायचं तर रेणूचं एक टोक रोगाला कारण असलेल्या प्रथिनाला धरतं, दुसरं टोक ई-३ लायगेजला, आणि मधे दोघांना जोडणारा लिंकर असतो. याला प्रोटॅक म्हणतात. नेहमीच्या औषधाला प्रथिनात एक खोबण लागते, तीही अशी की तिथे बसल्यावर प्रथिनाचं काम बंद पडेल. प्रोटॅकला एवढं लागत नाही, कुठेही जरा धरायला जागा मिळाली तरी पुरते. शिवाय एक प्रथिन मोडलं गेलं की रेणू मोकळा होतो आणि पुढचं धरतो. ज्या प्रथिनांना 'यावर औषध होणार नाही' म्हणून आम्ही यादीतून काढत होतो, त्यांची यादी आता पुन्हा उघडली आहे.

आता जरा कालगणना बघा, कारण आपल्या अनुदानांचा आणि या विषयाचा मुख्य बेबनाव तिथेच आहे.

इस्रायलमधल्या हैफाच्या टेक्नियन संस्थेत अव्राम हर्श्को आणि आरोन चेखानोव्हर, आणि फिलाडेल्फियात अर्विन रोझ, यांनी सत्तरच्या दशकाच्या शेवटाकडे सशाच्या अपक्व तांबड्या पेशींचा अर्क घेऊन प्रथिनं मोडण्याचा मार्ग उलगडायला सुरुवात केली. तेव्हा बहुतेक जीवशास्त्रज्ञ प्रथिनं बनतात कशी यामागे होते. ती मोडतात कशी, हा कचऱ्याचा विषय समजला जाई. या तिघांना नोबेल मिळालं २००४ साली. त्याच्या एक वर्ष आधी, मे २००३मध्ये, या यंत्रणेवरचं पहिलं औषध अमेरिकेत मंजूर झालं होतं: बोर्टेझोमिब, मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगावर. त्याचा उगम बोस्टनजवळच्या केंब्रिजमधल्या एका लहानशा कंपनीत झाला. हार्वर्डचे आल्फ्रेड गोल्डबर्ग यांनी ती काढली तेव्हा कर्करोग डोक्यात नव्हता. आजारात स्नायू झिजतात ते थांबवायचं, हा मूळ हेतू. ज्युलियन ॲडम्स यांच्या गटाने बोरॉन असलेला रेणू बनवला, कंपनी एका हातातून दुसऱ्या हातात गेली, औषध कित्येकदा बंद पडता पडता वाचलं. पहिल्या अर्कापासून पहिल्या इंजेक्शनपर्यंत जवळजवळ पाव शतक गेलं.

प्रोटॅकचंही तेच. २००१ साली येल विद्यापीठाचे क्रेग क्रूज, कॅलटेकचे रेमंड डेशे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिला प्रोटॅक प्रसिद्ध केला, तेव्हा तो आपणहून पेशीत शिरतही नव्हता. औषधकंपनीतला कोणताही अनुभवी माणूस तो कागद बाजूला ठेवेल असाच रेणू. पहिल्या रुग्णाला प्रोटॅक दिला गेला २०१९मध्ये. स्तनाच्या कर्करोगावरच्या वेपडेजेस्ट्रंट या प्रोटॅकच्या मंजुरीसाठी अमेरिकेच्या औषध नियामकाकडे अर्ज गेला २०२५मध्ये. चोवीस वर्षं. आणि आपल्याकडे जैवतंत्रज्ञान विभागाच्या बायरॅक या संस्थेचं नवउद्योजकांसाठीचं 'बिग' अनुदान पन्नास लाखांपर्यंतचं आणि अठरा महिन्यांचं. अठरा महिन्यांत एखादं यंत्र आयात होऊन बसवून चालू झालं तरी आमच्याकडे पेढे वाटतात.

थॅलिडोमाइडची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल, निदान अर्धी. १९५७ साली जर्मनीत झोपेची गोळी म्हणून आलं, गरोदर बायकांनी घेतलं, हजारो मुलं हातपाय नसलेली जन्मली, १९६१मध्ये बाजारातून काढलं. उरलेली अर्धी गोष्ट अशी. १९६४ साली जेरुसलेममध्ये याकोब शेस्किन यांनी कुष्ठरोगाच्या वेदनादायक प्रतिक्रियेने तळमळणाऱ्या रुग्णांना झोप लागावी म्हणून हीच गोळी दिली, आणि गाठी बऱ्या होऊ लागल्या. अमेरिकेने १९९८मध्ये तिला परत परवानगी दिली ती याच कुष्ठरोगासाठी. मग मायलोमावर उपयोग दिसला. त्याच घराण्यातलं लेनालिडोमाइड २००५मध्ये मंजूर झालं. इतकं सगळं झालं तरी ही औषधं काम कशी करतात ते कुणाला माहीत नव्हतं. २०१०मध्ये तोक्योत हिरोशी हांदा यांच्या गटाला थॅलिडोमाइड ज्याला चिकटतं ते प्रथिन सापडलं: सेरेब्लॉन, एका ई-३ लायगेजचा भाग. २०१४मध्ये कळलं की लेनालिडोमाइड चिकटल्यावर सेरेब्लॉन अशी दोन प्रथिनं धरून मोडायला पाठवतं, ज्यांच्यावाचून मायलोमाच्या पेशी जगत नाहीत. आणि २०१८मध्ये कळलं की मुलांच्या हातापायांचं जे झालं त्यामागेही हेच आहे. गर्भाला लागणारं सॉल-४ नावाचं प्रथिन हे औषध मोडून टाकतं.

कंपन्यांच्या संचालकांनो, हा परिच्छेद तुमच्यासाठी. रेव्हलिमिड या नावाने विकल्या जाणाऱ्या लेनालिडोमाइडची २०२१ची विक्री १२ अब्ज डॉलरच्या वर होती. पेटंटच्या भांडणात तडजोडी होऊन मार्च २०२२पासून ३१ जानेवारी २०२६पर्यंत ठरावीक मर्यादेत जेनेरिक विकायची मुभा मिळाली, आणि ती मिळालेल्यांत आपल्या कंपन्या ठळक होत्या. त्या काळातल्या तिमाही निकालांवरच्या चर्चांत हे एक नाव किती वेळा आलं ते तुम्हीच आठवा. म्हणजे प्रथिनं मोडणाऱ्या औषधावर आपण कमावलेलं आहे, भरपूर कमावलेलं आहे. हैदराबाद आणि बेंगळुरूच्या करार-संशोधन कंपन्यांत परदेशी ग्राहकांसाठी प्रोटॅकचे लिंकर आणि अख्खे रेणू बनतात. बनवणारी मुलं आपलीच, नांदेड-सोलापूरहून एम.एस्सी. करून गेलेलीसुद्धा. हातात कसब आहे आणि गाठीला पैसाही होता. त्यातला किती भाग आपल्या आजारांवरच्या नव्या रेणूंकडे वळला, हा प्रश्न तुमच्या पुढच्या वार्षिक सभेत कुणी भागधारकाने विचारला तर बरं होईल.

कर्करोगाच्या शर्यतीत आता उतरा असं मी म्हणणार नाही. तिथे अनेक मोठ्या कंपन्या सेरेब्लॉन आणि व्हीएचएल या दोनच लायगेजांभोवती गर्दी करून आहेत, आणि खिसे त्यांचे खोल आहेत. क्षयाचं तसं नाही. जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे. २०२५पर्यंत क्षय हटवायचं ठरलं होतं. ते वर्ष आलं, क्षय आहे. २०११-१२च्या सुमारास मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी कोणत्याच औषधाला दाद न देणारे क्षयरुग्ण नोंदवले, तेव्हा आपली पहिली हरकत त्यांनी वापरलेल्या 'टोटली ड्रग-रेझिस्टंट' या संज्ञेवर होती.

क्षयजंतूत युबिक्विटिन नाही. त्यामुळे माणसासाठी बनलेले प्रोटॅक त्याला लागू पडत नाहीत. त्याच्याकडे क्लिप यंत्रणा आहे: क्लिप-सी१ हे प्रथिन मोडायच्या प्रथिनाची घडी उलगडून आत सरकवतं आणि क्लिप-पी त्याचे तुकडे करतं. ही यंत्रणा बंद पडली तर क्षयजंतू वाढूच शकत नाही. पायराझिनामाइडने पॅन-डीला नेमकं इथेच पोचवलेलं असतं. २०२२मध्ये व्हिएन्नाच्या आयएमपी संस्थेत टिम क्लाउझेन यांच्या गटाने जंतूंसाठीचा प्रोटॅक दाखवला, त्याला त्यांनी बॅकप्रोटॅक म्हटलं. क्षयजंतूच्या कुळासाठी त्यांनी क्लिप-सी१ला धरणारं टोक घेतलं ते सायक्लोमॅरिन या नैसर्गिक रेणूपासून, सात अमिनो आम्लांच्या कड्यापासून, जो समुद्रातला एक जीवाणू बनवतो. पुढच्या वर्षी आणखी खोडकर प्रयोग आला: दोन्ही टोकांना सायक्लोमॅरिनसारखंच डोकं लावलं, तर क्लिप यंत्रणा स्वतःच्याच घटकांना मोडायला लागते. जंतूकडे सायक्लोमॅरिन शोषून घेऊन क्लिप-सी१ला वाचवणारं क्लिप-सी२ नावाचं एक प्रथिन असतं. तेही त्यात मोडलं जातं. औषधाला पळवाट ठेवणारं प्रथिनच जातं, हे वाचून मी खुर्चीत जरा सरळ बसलो होतो.

अडचणी मी लपवत नाही. हे सगळं प्रयोगशाळेतलं आहे. सायक्लोमॅरिनवर बेतलेले रेणू वजनदार आहेत. पायराझिनामाइडचं रेणुवजन १२३. इथे आपण त्याच्या कित्येक पटींबद्दल बोलतो आहोत. क्षयजंतूचं मेणचट आवरण भेदायचं, जंतू ज्या भक्षक पेशीत लपलेला असतो तिचं आवरण भेदायचं, आणि पोटातून गोळी म्हणून जायचं, हे तिन्ही एका रेणूने करायचं आहे. म्हणूनच क्लिप-सी१ला धरणारी नवी, लहान, जास्त सोयीची टोकं शोधायला हवीत. त्याचा साठा कुठे आहे ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही, तुमच्याच कागदांवर तो आहे.

क्लिप-सी१ला धरणारे आजवरचे महत्त्वाचे रेणू, सायक्लोमॅरिन, एक्युमिसिन, रुफोमायसिन, लासोमायसिन, सगळे ॲक्टिनोमायसीट वर्गाच्या जीवाणूंकडून आले आहेत. हे जीवाणू मुख्यतः मातीत राहतात. आणि पुण्यात, राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्राच्या छत्राखालच्या सूक्ष्मजीव संसाधन केंद्रात, देशभरातून गोळा केलेल्या जीवाणूंचा लाखांच्या घरातला संग्रह गोठवून ठेवलेला आहे. जगातल्या मोठ्या संग्रहांत त्याची गणना होते. काही किलोमीटरवर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा त्याहून जुना संग्रह आहे. पहिलं केंद्र जैवतंत्रज्ञान विभागाच्या कुटुंबातलं, दुसरी सीएसआयआरची. शहर एकच, मंत्रालयही एकच, विभाग मात्र वेगळे. सचिव महोदय, यावर याहून अधिक लिहीत नाही.

हे काम पुण्याला नवं नाही, हे तिथल्या नव्या पिढीला कदाचित ठाऊक नसेल. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स सुरू झाली, आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या संशोधन विभागात एम. जे. तिरुमलाचार यांच्या गटाने पिंपरीच्याच मातीतल्या जीवाणूपासून बुरशीवरचं हॅमायसिन शोधलं. त्या जीवाणूचं नावच स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना ठेवलं. १९६३ साली नेहरूंनी गोरेगावात सीबा या औषधकंपनीच्या संशोधन केंद्राचं उद्घाटन केलं. मुलुंडला हेक्स्ट कंपनीच्या केंद्रात कोलियस या वनस्पतीच्या मुळांतून फोर्सकोलिन निघालं, जे आज जगभरच्या पेशीशास्त्राच्या प्रयोगशाळांत बाटलीत असतं. आमच्या आधीच्या पिढीचे रसायनशास्त्रज्ञ माती आणि मुळं उकळत होते. पुढे ते थांबलं, कारण मातीतून तेच ते जुने रेणू परत परत सापडायला लागले आणि कुणाला तो कंटाळा परवडेना. आता वस्तुमान-वर्णपटाने आणि जनुकक्रमाने जुना रेणू पहिल्याच दिवशी ओळखून बाजूला टाकता येतो. शोधण्याची कसोटीही तेव्हा एकच होती, जंतू मरतो का. आता कसोटी नेमकी ठेवता येते.

ती कशी, तेही सांगतो, म्हणजे 'क्षयजंतू हाताळायला लागणारी बीएसएल-३ प्रयोगशाळा नाही' हे कारण पहिल्या पानावर येणार नाही. क्लिप-सी१चा जो टोकाचा भाग हे सगळे रेणू धरतात, तो ई. कोलायमध्ये बनवून शुद्ध करता येतो. त्यात क्षयजंतू नाही, धोका नाही. जीवाणूंच्या संवर्धनाचे अर्क त्यावर टाकायचे आणि कोण चिकटतं ते पाहायचं. चिकटणाऱ्यांची पुढची परीक्षा क्षयजंतूच्या निरुपद्रवी नातेवाइकावर, मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिसवर, साध्या प्रयोगशाळेत होते. खऱ्या क्षयजंतूपर्यंत पोचणारे रेणू मूठभर असतील. त्यांच्यासाठी चेन्नई, आग्रा, दिल्ली इथे व्यवस्था आहे. तिथे रांगेत नंबर लवकर लागेल एवढं महासंचालकांनी पाहिलं तरी पुरे. मधलं रसायन, म्हणजे सापडलेल्या रेणूला लहान करणं, त्याला लिंकर लावणं, दुसरं टोक जोडणं, हे आमच्यासारख्यांचं काम. ते कंपन्यांनी करावं. माणसं उसनी द्या, दोन-तीन फ्यूम हूड द्या. तुमच्या अर्थसंकल्पात ते दिसणारही नाही.

कंपन्यांनी अशा कामात का पडावं, त्याचं उत्तर व्हिएन्नात आहे. आयएमपी ही तिथली मूलभूत संशोधन संस्था मुख्यतः एका औषधकंपनीच्या पैशावर चालते, आणि शास्त्रज्ञांना काय करायचं ते कंपनी सांगत नाही. बॅकप्रोटॅक तिथेच जन्मला हा मला योगायोग वाटत नाही.

२००८मध्ये सीएसआयआरने क्षयासाठी 'ओपन सोर्स ड्रग डिस्कव्हरी' प्रकल्प काढला होता. शेकडो विद्यार्थी क्षयजंतूच्या जनुकांची माहिती लावायला बसले, उत्साह खरा होता, पुढे सगळं थंडावलं. माझ्या मते तिथे माणसं होती, माहिती होती, पण रेणू बनवणारे हात आणि ते बनत राहतील एवढा दीर्घ पैसा नव्हता. तीच चूक परत करू नका. जुलै २०२५मध्ये मंत्रिमंडळाने संशोधन, विकास आणि नवोन्मेष निधीसाठी एक लाख कोटी मंजूर केले. आकडा ऐकून आनंद झाला. मग अट वाचली: तंत्रज्ञान-सज्जतेच्या चौथ्या पायरीच्या खालचं काही या निधीत बसत नाही, म्हणजे प्रयोगशाळेत आधीच चालून दाखवलेलं हवं. क्लिप-सी१ला धरणारा नवा रेणू अजून सापडायचा आहे. तो पहिल्या-दुसऱ्या पायरीवर आहे आणि तिथे पडलेला प्रत्येक प्रकल्प तीन वर्षांच्या अनुदानावर जगतो, तेही हप्ता वेळेवर आला तर. एका सरकारी प्रयोगशाळेतली पीएच.डी.ची मुलगी मला म्हणाली, "सर, माझी फेलोशिप येईपर्यंत माझी प्रथिनं फ्रीझरमध्ये खराब होतात." ती विनोद करत होती, बहुधा.

मागणी सांगतो. पुण्याच्या दोन्ही संग्रहांवर क्लिप यंत्रणेला धरणाऱ्या रेणूंसाठी शोधमोहीम, दहा वर्षांची, पाचव्या वर्षी कडक परीक्षेची, आणि ती परीक्षा घेणाऱ्यांत प्रकल्पाशी संबंध नसलेले लोक असावेत. पैसा जैवतंत्रज्ञान विभागाचा, क्षयजंतूवरच्या चाचण्या परिषदेच्या, रसायन कंपन्यांचं. खरेदीचं एक बरं झालं आहे: जून २०२५पासून वैज्ञानिक संस्थांच्या संचालकांना उपकरणं आणि रसायनं घेण्यात बरीच मोकळीक मिळाली. ती इथे पूर्ण वापरू द्या, खाली आणखी एक समिती बसवू नका.

पेटंटबद्दल. मार्च २०२३मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने बेडाक्विलिन या क्षयावरच्या औषधाचं पेटंट पुढे लांबवण्याचा अर्ज नाकारला. त्याविरुद्ध हरकत घेतली होती ती मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले या दोघींनी, आणि दोघीही क्षयातून उठलेल्या. त्यांना जे कार्यालयाच्या दारात लढून मिळवावं लागलं, ते इथे करारातच लिहून ठेवा: सरकारी पैशातून निघालेला क्षयाचा रेणू भारतात आणि गरीब देशांत कोणत्याही योग्य उत्पादकाला बनवता येईल. कंपन्यांना कर्करोगातला किंवा अन्य जीवाणूंवरचा हक्क हवा असेल तर त्यावर बसून बोला, तिथे मी आडमुठा नाही.

सुरक्षेबद्दल एकच. थॅलिडोमाइडच्या प्रकरणातून या जातीच्या औषधांबद्दल दिसलेला धोका म्हणजे ती आपल्याला न दिसणारं दुसरंच प्रथिन मोडू शकतात. जंतूच्या यंत्रणेत युबिक्विटिन नसल्यामुळे क्षयावरच्या रेणूंत हा धोका कमी असावा, पण 'असावा' यावर गर्भवती रुग्णाला गोळी देता येत नाही. माणसाच्या पेशीतली सगळी प्रथिनं औषधाआधी आणि औषधानंतर मोजून पाहणं आता शक्य आहे. प्रत्येक उमेदवार रेणूची ही मोजणी सक्तीची करा, आणि औषध नियंत्रकांच्या कार्यालयात ती वाचता येणारी दोन माणसं तरी आतापासून तयार करा.

परिषदेचे आणि विभागाचे नवे प्रस्ताव मागवायच्या वेळा ठरलेल्या असतात. पुढच्या आवाहनात 'मायकोबॅक्टेरियाच्या क्लिप यंत्रणेला धरणारे रेणू' ही एक ओळ घाला. प्रस्ताव किती येतात ते पाहा. आले नाहीत तर मला लिहा. ठाणे-पुण्यातले निवृत्त रसायनशास्त्रज्ञ गोळा करून आम्हीच एक पाठवतो. आमच्यातल्या बऱ्याच जणांना पेन्शन आहे, तेव्हा मानधनाचा हप्ता उशिरा आला तरी चालेल.

कळावे,

आपला,
एक निवृत्त औषधरसायनशास्त्रज्ञ
ठाणे